बंगळूरहून पुदुच्चेरीस

बंगळूरला समुद्र नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीच्या पठारावर वसलेल्या या शहराने गार हवा, बागा आणि तळी यांच्या बळावर आपला लौकिक मिळविला. परंतु लाटांचा आवाज ऐकावयाचा तर तेथील रहिवाशाला घाट उतरावाच लागतो. पश्चिमेस उतरले तर गोकर्ण, कारवार आणि गोवा. पूर्वेस उतरले तर कोरोमंडलचा लांबच लांब, सपाट, वालुकामय किनारा. नोकरीव्यवसायाच्या निमित्ताने बंगळुरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची दृष्टी स्वाभाविकपणेच पश्चिमेकडे वळते, कारण तो समुद्र त्यांच्या ओळखीचा असतो. पूर्वेकडे, रस्त्याने सुमारे तीनशे किलोमीटर अंतरावर, पुदुच्चेरी आहे. पूर्वी पाँडिचेरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावाशी आपलेही काही नाते आहे, याची जाणीव मात्र थोड्यांनाच असते.

पुदुच्चेरीस जाणारा प्रत्येक प्रवासी आपापले गाव मनात घेऊन जातो. भाविकाच्या मनात योगी अरविंदांची समाधी असते, इतिहासाच्या वाचकाच्या मनात डुप्ले असतो, आणि शनिवारची सुटी साधून निघालेल्या तरुणांच्या मनात समुद्राकाठची जागती रात्र असते. गच्चीवरील उपाहारगृहे, मद्यालये, वाद्यवृंद आणि मध्यरात्रीपर्यंत रेंगाळणारी गर्दी यांची कीर्ती आज बाकीच्या दोन्ही कीर्तींपेक्षा मोठी झाली आहे. तिच्याकडे पाहून नाक मुरडणे सोपे आहे. तिच्यात वाहून जाणे त्याहूनही सोपे आहे. पण एवढी मौज याच गावाच्या वाट्यास का आली आणि ती कशाच्या आधारावर उभी आहे, हे समजून घेतले तर तेथे जाण्याचे सार्थक होते. ते समजून घेण्यास वाटेवरच आरंभ करावा लागतो, कारण पुदुच्चेरीची कथा पुदुच्चेरीत सुरू होत नाही.

बंगळूर १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी केंपेगौडांच्या वंशजाकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांनंतर त्यांचे पुत्र व्यंकोजी यांचा तेथे अंमल राहिला. आजच्या मल्लेश्वरम भागातील काडु मल्लेश्वराच्या देवळाशी संबंधित १६६९ च्या शिलालेखात व्यंकोजींनी देवस्थानास गाव इनाम दिल्याची नोंद आहे. पुढे व्यंकोजींनी तंजावर हस्तगत केले आणि त्यांची राजधानी तिकडे गेली. म्हणजे कर्नाटकाच्या पठारावरून तमिळ मुलखात उतरणारी वाट मराठ्यांच्या पायाखालची होती. आजचा प्रवासी होसूर, कृष्णगिरी, चेंगम आणि तिरुवण्णामलै या मार्गाने उतरतो, आणि तिरुवण्णामलैच्या पुढे थोड्याच वेळात त्याच्या समोर गोल शिळांचे डोंगर उभे राहतात. हीच जिंजी.

रात्रीच्या बसने निघणारे बहुतेक प्रवासी जिंजी झोपेतच ओलांडतात, आणि ते मोठेच नुकसान होय. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या तटबंदीने एकमेकींस जोडून केलेला हा किल्ला शिवाजीमहाराजांनी १६७७ मध्ये, दक्षिण दिग्विजयाच्या वेळी घेतला. संपूर्ण स्वराज्यावर संकट आले तर आश्रयाला जागा असावी, ही त्यांची दूरदृष्टी बारा वर्षांतच खरी ठरली. १६८९ मध्ये संभाजीमहाराजांचा वध झाला, रायगड पडला, आणि राजाराममहाराज वेष पालटून थोड्या सोबत्यांनिशी जिंजीस निघाले. या प्रवासात बंगळुरास त्यांच्यावर संशय घेण्यात आला, तेव्हा खंडो बल्लाळ आणि इतर काही जण मागे राहिले, त्यांनी छळ सोसला आणि महाराजांना निसटून जाण्यास अवधी मिळवून दिला, अशी हकीकत बखरींतून येते. बंगळुराहून पूर्व किनाऱ्याकडे जाणाऱ्या या वाटेवर एकदा मराठी राज्याचे भवितव्यच चालत गेले होते. पुढे जवळजवळ आठ वर्षे मोगली वेढा सोसून जिंजी १६९८ च्या आरंभी पडली, परंतु तोपर्यंत राजाराममहाराज तेथून निघून गेले होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांतील अकरा महाराष्ट्रातील असून बारावा जिंजी आहे.

जिंजीपासून पुदुच्चेरी सुमारे सत्तर किलोमीटरांवर आहे. किल्ल्याचा आणि बंदराचा संबंध या अंतराइतकाच जवळचा होता. ज्याच्या हाती जिंजी, त्याचा शब्द किनाऱ्यावर चालत असे. फ्रेंचांना पुदुच्चेरीत प्रथम जागा मिळाली ती शेरखान लोदी या विजापुरी सुभेदाराकडून, आणि १६७४ पासून फ्रान्स्वा मार्तें या माणसाने त्या लहानशा वखारीचा संसार मांडला. तीन वर्षांनी शिवाजीमहाराजांनी शेरखानाचा पराभव केला, तेव्हा मार्तेंच्या हाताशी ना सैन्य होते, ना खरा किल्ला. त्याने महाराजांकडे वकील पाठविला. उत्तर आले ते अभयाचे होते, पण त्याला एक अट जोडलेली होती : फ्रेंचांनी कोणाचीच बाजू घेऊ नये, मग त्यांनी पुदुच्चेरीत निर्वेध राहावे. याच मार्तेंने आपल्या आठवणींत महाराजांनी जिंजीच्या तटबंदीची जी पुनर्रचना केली तिचे कौतुक करून ठेवले आहे. पुढे १६९३ मध्ये डचांनी जिंजीच्या मराठी दरबाराकडून जागेचा हक्क मिळवून पुदुच्चेरी घेतली, आणि युरोपातील तहानंतर १६९९ मध्ये ती फ्रेंचांना परत केली. किनाऱ्यावरील या गावात परक्याला थारा मिळे, पण तो अटीवर मिळे. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण या गावाच्या इतिहासात ती पुनःपुन्हा आढळते.

परक्यांचे येणे त्याहूनही जुने आहे. गावाच्या दक्षिणेस अवघ्या काही किलोमीटरांवर अरिकमेडू नावाचे स्थळ आहे. १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा रोमन साम्राज्यातून आलेले मद्याचे कुंभ आणि इटलीत घडविलेली तकतकीत तांबडी भांडी जमिनीतून निघाली. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत येथून मणी आणि वस्त्रे पश्चिमेस जात आणि पश्चिमेचे मद्य येथे उतरत असे. पुदुच्चेरीत विदेशी मद्याची आवक फ्रेंचांपासून सुरू झाली असे ज्यांना वाटते, त्यांचा हिशेब सुमारे सोळाशे वर्षांनी चुकतो.

आज जे गाव प्रवासी पाहतो, त्याची आखणी मात्र बऱ्याच अंशी दोन शतकांच्या उलथापालथीतून निर्माण झाली. एकमेकांस काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांचा आराखडा डचांच्या अल्प राजवटीतील १६९४ च्या नकाशात आढळतो. डुप्ले १७४२ ते १७५४ या काळात गव्हर्नर होता आणि त्याच्या कारकिर्दीत गाव वैभवास चढले. त्याचा दुभाषी आनंद रंग पिळ्ळै याने तमिळ भाषेत लिहिलेली रोजनिशी त्या वैभवाची आणि त्यामागील हेव्यादाव्यांची साक्ष देते. १७६१ मध्ये इंग्रज सेनापती आयर कूट याने वेढा घालून पुदुच्चेरी घेतली आणि इंग्रजांनी तिच्या तटासह मोठमोठ्या इमारती जमीनदोस्त केल्या. चार वर्षांनी फ्रेंच परतले आणि त्यांनी जुन्याच पायांवर नवे गाव उभारले. त्यानंतरही ते इंग्रजांच्या हाती जात-येत राहिले आणि अखेरीस १८१६ मध्ये फ्रेंचांकडे कायम झाले. म्हणून डुप्लेच्या काळातील पुदुच्चेरी पाहण्याच्या अपेक्षेने कोणी गेला तर त्याची निराशा होईल. पिवळ्या-पांढऱ्या भिंती, उंच दरवाजे, बोगनवेलींनी झाकलेली अंगणे हे सारे बहुधा त्या विध्वंसानंतरचे आहे.

गावाच्या मधून एक कालवा जातो. त्याच्या पूर्वेस समुद्रालगत गोऱ्यांची वस्ती होती, पश्चिमेस तमिळ लोकांची. आजही हा फरक घरांच्या बांधणीत दिसतो. पूर्वेकडील घर रस्त्याकडे पाठ फिरवून उंच भिंतीआड आपले अंगण सांभाळते. पश्चिमेकडील तमिळ घर रस्त्याच्या बाजूस खांबांची ओसरी पुढे करते, वाटसरूने टेकावे म्हणून. प्रवासी बहुधा कालव्याच्या पूर्वेसच फिरतो आणि छायाचित्रे काढून परततो. वास्तविक ज्या घराने ओटा वाटसरूसाठी ठेवला, ते पाहिल्याखेरीज गाव अर्धेच पाहिले असे समजावे.

आता रात्रीच्या मौजेचे मूळ शोधू गेल्यास ते सरकारी कागदांत सापडते. १९४८ पर्यंत सबंध मद्रास प्रांतात दारूबंदी लागू झाली. पुदुच्चेरी त्या वेळी फ्रेंचांकडेच होती, आणि तिची हद्द ओलांडली की मद्य खुले होते. मुंबई राज्यातील दारूबंदीच्या काळात दमणकडे जाणाऱ्या वाटेची आठवण मराठी माणसाला येथे सहज होईल. फ्रेंच गेले तेव्हा हा भेद संपेल असे कोणास वाटले असल्यास तसे घडले नाही. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी कीळूर येथे लोकप्रतिनिधींनी मतदान केले. १७८ पैकी १७० जणांनी भारतात विलीन होण्याच्या बाजूने कौल दिला आणि १ नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला. १९५६ मध्ये उभय देशांत जो करार झाला, त्यात या वसाहतींचा पूर्वीचा विशेष प्रशासकीय दर्जा राखावा आणि त्यात बदल करावयाचा तर जनतेची इच्छा अजमावावी, असे कलम होते. १९६२ मध्ये तो करार अंमलात आला आणि पुढच्याच वर्षी कारैकाल, माहे व यानम यांसह पुदुच्चेरीचा स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश झाला. स्वतंत्र प्रदेश म्हणजे स्वतंत्र विधानसभा, आणि स्वतंत्र विधानसभा म्हणजे स्वतंत्र अबकारी धोरण. शेजारच्या राज्यात १९७१ मध्ये दारूबंदी उठली, नंतर पुन्हा आली, पुन्हा गेली. पुदुच्चेरीतील करआकारणी मात्र शेजाऱ्यांपेक्षा सौम्यच राहिली. सारांश, आज गच्चीवर दिव्यांच्या माळांखाली जो पेला भरला जातो, त्यामागे एका आंतरराष्ट्रीय कराराची तपशीलवार कलमे आहेत. अट येथेही आहे : हे मद्य हद्दीबाहेर न्यावयाचे नसते, आणि सीमेवरील नाक्यांवर वाहनांची तपासणी होते.

परंतु पुदुच्चेरीच्या रात्रीचा उत्तम भाग विकत घ्यावा लागत नाही. समुद्रकाठचा रस्ता सायंकाळी सहा वाजता वाहनांसाठी बंद होतो आणि सकाळी साडेसातपर्यंत बंदच राहतो. सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा तो रस्ता या काळात केवळ पायी चालणाऱ्यांचा होतो. आजी-आजोबा, कडेवर मुले घेतलेल्या आया, शाळकरी पोरे, भुईमूग आणि सुंडल विकणारे फेरीवाले, आश्रमातील साधक, तांबड्या टोपीचे पोलीस आणि देशोदेशीचे प्रवासी हे सगळे एकाच रस्त्यावर, एकाच वाऱ्यात चालतात. बंगळूरसारख्या शहरातून आलेल्या माणसाला, जेथे रस्ता ओलांडणे हेच एक साहस झाले आहे, या साध्या व्यवस्थेचे मोल अधिक कळते. एका सरकारी आदेशाने इतक्या लोकांना रोज इतका निर्मळ आनंद मिळाल्याची उदाहरणे फारशी नाहीत.

निसर्गही या व्यवस्थेला साथ देतो. दिवसभर जमीन तापते, वरची हवा हलकी होऊन चढते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरून गार वारा येतो. म्हणून दुपारी ओस असलेला किनारा तिसऱ्या प्रहरानंतर भरू लागतो. कोकणच्या माणसाला येथे एक गोष्ट चकविते. त्याच्या अनुभवात सूर्य समुद्रात बुडतो. येथे तो गावाच्या मागे, घरांच्या छपरांआड जातो आणि समुद्र त्याआधीच निळसर काळा होऊ लागलेला असतो. या किनाऱ्याला सूर्यास्ताची शोभा नाही. त्याच्या वाट्यास आली आहे ती पहाट आणि पौर्णिमेचा चंद्रोदय. दिवस मावळतो त्याच सुमारास पाण्यातून तांबूस चंद्र वर येतो, आणि क्षणभर सबंध रस्त्यावरची चाल मंदावते.

वर्षातून काही रात्री गाव आपली निरनिराळी नाती उजळविते. १४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिन. १९६२ च्या हस्तांतरणाच्या वेळी ज्यांनी फ्रेंच नागरिकत्व राखले अशा तमिळ कुटुंबांतील मंडळी, त्यांत फ्रेंच सैन्यातील निवृत्त सैनिकही असतात, १९३८ मध्ये बांधलेल्या युद्धस्मारकाजवळ जमतात आणि दोन्ही देशांची राष्ट्रगीते म्हटली जातात. याउलट मासी महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, ‘मासी मगम’ या उत्सवाला मैलमच्या मुरुगनासह अवतीभवतीच्या गावांतील देव पालख्यांतून वैत्तिकुप्पम येथील किनाऱ्यावर समुद्रस्नानासाठी येतात. एका रात्री कंदील घेऊन फ्रेंच वारसा मिरविणारे गाव दुसऱ्या प्रसंगी देवांना समुद्राच्या भेटीस नेते, आणि त्यात त्याला विसंगती वाटत नाही.

याच रस्त्यावर महात्मा गांधींचा भव्य पुतळा आहे. देवीप्रसाद रायचौधुरी यांनी घडविलेल्या या पुतळ्याभोवती कोरीव पाषाणाचे उंच स्तंभ उभे आहेत. ते फ्रेंचांनी जिंजीहून आणले, असे सांगितले जाते. ज्या गडाच्या सत्तेने एके काळी या बंदराला अभय दिले, त्याचेच खांब आज बंदराच्या पुढ्यात उभे आहेत. वाटेत जिंजी पाहून आलेल्या प्रवाशाला हे खांब परके वाटत नाहीत. झोपेत जिंजी ओलांडलेला प्रवासी मात्र त्यांच्याशी टेकून छायाचित्र काढतो आणि पुढे जातो.

पुतळ्याच्या समोर, रस्त्याच्या खाली पाहिले असता प्रवाशाच्या मनात प्रश्न उभा राहावा. समुद्रकिनारा म्हणून प्रसिद्ध असलेल्या या ठिकाणी बराच लांबपर्यंत वाळूच नाही. तेथे काळ्या दगडांची रास आहे आणि तिच्यावर लाटा आपटतात. हा निसर्गाचा देखावा नाही. तो एका चुकलेल्या हिशेबाचा परिणाम आहे. पुदुच्चेरीला नैसर्गिक बंदर कधीच नव्हते. जहाजे दूर समुद्रात नांगरत आणि फळ्या दोरीने शिवून केलेल्या होड्यांतून माल काठाला येई. एकोणिसाव्या शतकात धक्का बांधला गेला, तो १९५२ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाला. पुढे दक्षिणेस बांधलेला नवा धक्काही मार्च २०२२ मध्ये कोसळला. दरम्यान १९८०-९० च्या दशकात गावाच्या दक्षिणेस, अरियांकुप्पम नदीच्या मुखाशी, दगडी बांध समुद्रात घालून बंदर तयार करण्यात आले. येथूनच किनाऱ्याच्या दुर्दशेस वेग आला.

यामागील शास्त्र समजण्यास कठीण नाही. लाटा किनाऱ्यावर सरळ येत नाहीत, तिरप्या येतात, आणि प्रत्येक लाट वाळूचे कण थोडे बाजूला सरकविते. या किनाऱ्यावर साधारणतः मार्च ते ऑक्टोबर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि ईशान्य मोसमी वाऱ्याच्या काळात उलट दिशेने. पण वर्षाचा ताळेबंद मांडला तर उत्तरेकडे जाणारी वाळू पुष्कळच अधिक भरते. म्हणजे किनारा ही स्थिर वस्तू नसून चालू खाते आहे : रोज काही जमा होते, रोज काही खर्च होते. मध्ये बांध घातला की दक्षिणेची वाळू तेथेच अडते. दक्षिणेस पुळण वाढते, बंदराचे तोंड गाळाने भरते, आणि उत्तरेस जमा थांबून खर्च मात्र चालू राहतो. वाळू गेली तेव्हा रस्ता वाचविण्यासाठी दगड टाकण्यात आले. दगडांनी रस्ता राखला, पण झीज पुढे ढकलली. ती उत्तरेकडील वैत्तिकुप्पम, कुरुचिकुप्पम आणि त्यापलीकडच्या तमिळनाडूतील कोळीवाड्यांपर्यंत पोहोचली. ज्यांची होडी ठेवण्याची, जाळी वाळविण्याची आणि अखेर घराची जागा समुद्राने घेतली, त्या कोळ्यांनी ना बंदर मागितले होते, ना रात्रीची मौज.

सुदैवाने उपाय शोधण्याचे प्रयत्नही झाले. राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २०१८ मध्ये मुख्य सचिवालयासमोरच्या समुद्रात पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा एक भव्य पोलादी बांध बसविला. तो लाटांचा जोर काठाला पोहोचण्यापूर्वीच मोडतो. बंदराच्या तोंडाशी साचणारी वाळू उपसून उत्तरेस टाकावी, ही त्याची जोड. त्यानंतर काही भागात वाळू पुन्हा दिसू लागली आणि ज्या पिढीने तेथे पुळण पाहिलीच नव्हती, तिची मुले तेथे खेळू लागली. हा उपाय काही एकदाच करून मोकळे होण्याचा नाही. जो प्रवाह माणसाने अडविला, तो माणसाने वर्षानुवर्षे स्वतः वाहून न्यावयाचा, असा हा दंड आहे.

घरांची स्थितीही किनाऱ्यासारखीच आहे. १८७० च्या सुमारास समुद्रासमोर बांधलेली नगरपालिकेची इमारत, जिला तेथे ‘मेरी’ म्हणतात, दुरुस्तीवाचून झिजत गेली आणि २९ नोव्हेंबर २०१४ रोजी पावसात कोसळली. पुढे ती मूळ रूपाबरहुकूम पुन्हा बांधण्यात आली आणि २०२१ मध्ये तिचे उद्घाटन झाले. सरकारला एक इमारत पुन्हा उभारता आली. परंतु गल्लीबोळांतील खाजगी घरांना असा वाली नसतो. खारी हवा चुन्याचा गिलावा खाते, वारसांत वाटण्या होतात, आणि जुने घर पाडून निवासगृह बांधणे फायद्याचे ठरते. येथे प्रवाशांची मौज दुहेरी भूमिका बजावते. तिच्यामुळे कित्येक जुनी घरे उपाहारगृहे आणि अतिथिगृहे होऊन वाचली. तिच्याचमुळे त्यांच्या शेजारची कित्येक घरे राहण्याची घरे उरली नाहीत. ज्या गल्लीत रात्री कोणी झोपतच नाही, ती गल्ली किती दिवस गाव म्हणून टिकेल, हा प्रश्न पुदुच्चेरीपुढे आहे. असाच प्रश्न गोव्यातील किनाऱ्यावरच्या गावांपुढेही आहे.

म्हणून येथे जाणाऱ्याने काय करावे, हे सांगणे कठीण नाही. जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पाऊस आणि वादळे यांची शक्यता असते, आणि मे महिन्याचा उन्हाळा दुःसह. बंगळुराहून दिवसाउजेडी निघावे आणि जिंजीसाठी अर्धा दिवस काढून ठेवावा. राजगिरीची चढण उन्हाआधी गाठावी. पुदुच्चेरीत कालव्याच्या दोन्ही अंगांना पायी फिरावे. दगडांवरून समुद्रात उतरू नये, कारण तेथे पाण्याची ओढ विलक्षण असते आणि दरवर्षी उत्साही पाहुणे तिला बळी पडतात. मद्य घेणाऱ्याने घ्यावे, पण मग वाहनाच्या चाकाला हात लावू नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकास मनाई केली आहे. ती केवळ उपाहारगृहाच्या मालकासाठी आहे असे पाहुण्याने समजू नये. भिंतीआड कोणाची तरी आजी झोपलेली असते.

पुदुच्चेरीने रोमन व्यापाऱ्यापासून बंगळूरच्या तरुणापर्यंत सर्वांना जागा दिली. ज्यांनी तिच्या अटी पाळल्या, त्यांची नावे तिने आपल्या रस्त्यांना दिली. ज्यांनी त्या मोडल्या, त्यांच्या मागे तिला पुन्हा पायापासून बांधकाम करावे लागले. १६७७ मध्ये मार्तेंला घातलेली अट एका वाक्याची होती. आजच्या पाहुण्यासाठीही ती तेवढीच लहान आहे : खुशाल राहावे, पण आपल्या येण्याने यजमानाचे घर आणि अंगण कमी होऊ देऊ नये. पहाटे साडेसातला रस्ता पुन्हा वाहनांसाठी खुला होतो, रात्रीची गर्दी पांगते, आणि कोळी आपल्या होड्या उरलेल्या वाळूवर ओढून घेतात. ती वाळू पुढच्या वर्षीही तेथे असली, तर रात्रही असेल.